थांबायला कारण लागते का?

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत थंडीच्या दिवसांतली ऊब येते ती गॅसच्या बॉयलरमधून. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते घरभर फिरवतो, भिंतीलगतचे रेडिएटर तापतात आणि खोल्या उबदार होतात. या यंत्रणेची एक नेहमीची तक्रार अशी, की ती कधीकधी बंदच होत नाही. भिंतीवरचा थर्मोस्टॅट अगदी खाली आणला, चालू-बंदच्या वेळा सांभाळणारा प्रोग्रॅमर बंद केला, तरी बॉयलर पेटलेलाच राहतो आणि रेडिएटरला हात लावता येत नाही. ऊब मागणारे सगळे गप्प झालेले असतात, ऊब मात्र येतच असते. दुरुस्तीच्या हिशेबाने हा किरकोळ बिघाड. पण आपल्या दर्शनांत ज्यावर शतकानुशतके वाद झाला, तो प्रश्न इथे अगदी हाताशी येतो. एखादी गोष्ट सुरू व्हायला कारण लागते, हे जवळपास सगळेच मानतात. ती थांबायलाही कारण लागते का? की चालवणारे कारण काढून घेतले की थांबणे आपसूक घडते? माझे म्हणणे असे आहे की थांबण्याला स्वतःचे, भावरूप कारण लागते, आणि ते लक्षात न घेतल्यामुळे आपल्या धार्मिक विचारात, विशेषतः वैराग्याच्या कल्पनेत, मोठी गफलत होते.

आधी यंत्र नीट पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. ज्या घरांत गरम पाण्याची वेगळी टाकी असते, तिथे ‘एस-प्लॅन’ नावाची जोडणी सर्रास आढळते. बॉयलरकडून येणाऱ्या नळाला दोन फाटे फुटतात, एक टाकीकडे जाणारा आणि दुसरा रेडिएटरकडे. प्रत्येक फाट्यावर मोटरने उघडणारा एकेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. खोली गार झाली की थर्मोस्टॅट तपकिरी वायरमधून व्हॉल्व्हच्या चिमुकल्या मोटरला वीज देतो. मोटर एक स्प्रिंग ताणत ताणत व्हॉल्व्ह उघडते. व्हॉल्व्ह पुरता उघडत आला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो, आणि करड्या वायरमध्ये कायम असलेली वीज नारिंगी वायरमध्ये उतरते. बॉयलर आणि पंप चालू होतात ते या नारिंगी वायरच्या सांगण्यावरून. थर्मोस्टॅटचा बॉयलरशी थेट संबंध इथे येतच नाही. आता खोली पुरेशी तापली, थर्मोस्टॅटने तपकिरी वायरची वीज तोडली, मोटर निर्जीव झाली. पण मोटर निर्जीव झाली म्हणून व्हॉल्व्ह मिटत नाही. तो मिटवते ती स्प्रिंग. उघडताना ताणली गेलेली स्प्रिंग आता मोटरची दातेरी चाके उलटी फिरवते, व्हॉल्व्ह मिटतो, मायक्रोस्विच सुटतो, नारिंगी वायरमधली वीज जाते आणि बॉयलर विझतो. स्प्रिंग ढिली पडली, चाके अडकली, व्हॉल्व्हचा दांडा घट्ट झाला किंवा मायक्रोस्विच चिकटून बसला, की मागणी संपूनही नारिंगी वायर जिवंत राहते. अशा वेळी मल्टिमीटर लावला, तर दोन्ही व्हॉल्व्हच्या तपकिरी वायरवर शून्य आणि नारिंगीवर २३० व्होल्ट दिसतात. मागणारा कोणी नाही आणि आज्ञा मात्र चालू आहे, हे इतक्या स्वच्छपणे मोजता येईल अशी जागा दुसरीकडे सहसा सापडत नाही.

हा दोष शोधण्याची रीत म्हणजे नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेकच. एकेक घटक काढून पाहायचा आणि कार्य टिकते की जाते ते बघायचे. थर्मोस्टॅटची वायर सोडवली आणि बॉयलर विझला, तर थर्मोस्टॅटमधल्या रिलेचे संपर्क ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले असावेत. नाही विझला, तर संशय प्रोग्रॅमरवर जातो, मग व्हॉल्व्हवर. (ब्रिटनमध्ये गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार फक्त ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाला आहे, आणि विजेचे काम जाणकारानेच करावे, इथे मुद्दा शोधाच्या तर्काचा आहे.) कधी असेही निघते की बिघाड काही नव्हताच, एक मागणारा विसरला गेला होता. थंडगार गॅरेजमध्ये बसवलेला, पाईप गोठू नयेत म्हणून तापमान ५ अंशांच्या आसपास उतरताच बॉयलर पेटवणारा वेगळा थर्मोस्टॅट आपले काम चोख करत असतो. मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो बिनतारी थर्मोस्टॅट. त्याच्या बॅटऱ्या संपल्या आणि रिसिव्हरशी संपर्क तुटला, तर रिसिव्हरने काय करावे? काही रिसिव्हर अशा वेळी बॉयलर बंद करतात. काही मात्र घर गोठू नये म्हणून ठराविक प्रमाणात त्याला चालू-बंद करत राहतात. मौन दोन्हीकडे सारखेच आहे, परिणाम वेगळे आहेत. मागणी संपणे याचाच अर्थ थांबणे असता, तर हा फरक पडलाच नसता. मौनाचा अर्थ ‘थांब’ असा घ्यायचा, हे यंत्रात कोणीतरी आधी घालून ठेवावे लागते.

न्याय-वैशेषिकांनी या बाबतीत जी सूक्ष्मता दाखवली तिचे मोल इथे कळते. त्यांनी अभावाचे चार प्रकार मानले, आणि त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत. घडा घडण्यापूर्वीचा त्याचा अभाव हा प्रागभाव. त्याला आरंभ नाही, घडा घडला की तो संपतो. घडा फुटल्यानंतरचा अभाव हा प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही, आणि आरंभ आहे म्हणून कारणही आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्रवेशग्रंथातही हा भेद येतो आणि विद्यार्थी तो पाठ करतात, पण त्यामागची दृष्टी पाठांतरात हरवते. नुकत्याच बसवलेल्या, अजून एकदाही न पेटलेल्या बॉयलरमधला अग्नीचा अभाव आणि पेटून विझलेल्या बॉयलरमधला अग्नीचा अभाव बाहेरून सारखे दिसतात. पहिला कोणी घडवलेला नाही. दुसरा घडवावा लागला आहे. जो मनुष्य कधी रागावलाच नाही त्याची शांती आणि ज्याचा राग शमला त्याची शांती यांना एकाच मापाने मोजणारे उपदेश यामुळेच निकामी ठरतात. ज्याला आग माहीतच नाही त्याच्या उदाहरणावरून पेटलेल्याने कसे विझावे हे कळत नाही.

या मताला सर्वांत जोरदार विरोध बौद्धांनी केला, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोशभाष्या’त म्हटले की विनाश अहेतुक आहे. अभाव ही काही वस्तू नाही, मग तिला उत्पन्न कोण करणार? प्रतिपक्षी म्हणतो, आगीच्या संयोगाने लाकूड नष्ट होते, हे विनाशाचे कारण नव्हे का? वसुबंधूंचे उत्तर असे की लाकडाचेही वाऱ्याने विझणाऱ्या दिव्यासारखे, हाताने थांबणाऱ्या घंटेच्या नादासारखेच आहे. दिव्याची ज्योत मुळातच क्षणिक आहे. प्रत्येक क्षणाची ज्योत आपोआप नष्ट होते आणि पुढच्या क्षणी नवी उपजते. वारा फक्त ती नवी उपजू देत नाही. पुढे धर्मकीर्तींनी याला अधिक धार दिली. नाश जर बाहेरच्या कारणावर अवलंबून असता, तर ते कारण न भेटलेली एखादी निर्मित वस्तू कायम टिकायला हवी होती. वस्तू नाशासाठी कोणाची वाट पाहत नाहीत, नाश हा त्यांचा स्वभाव आहे.

या विचारात खोल सत्य आहे आणि बॉयलरपाशी ते थेट उपयोगी पडते. बर्नरमधली ज्योत ही खरोखर एकच टिकून राहिलेली वस्तू नाही. क्षणाक्षणाला नवा गॅस येतो आणि जळून जातो. त्यामुळे ‘हा थांबत का नाही?’ असे विचारत बसणारा तंत्रज्ञ चाचपडत राहतो, आणि ‘याला या क्षणी कोण पेटते ठेवते आहे?’ असे विचारणारा नारिंगी वायरपर्यंत पोहोचतो. जुनी सवय, जुना द्वेष यांच्याकडेही असेच पाहायला हवे. तीस वर्षांपूर्वीचा द्वेष तीस वर्षे तसाच टिकलेला नसतो. तो रोज नव्याने उपजत असतो, आणि आज तो कशाने उपजतो ते आजच शोधता येते. इतके बौद्धांचे ऋण मान्य करूनच मी पुढे जातो.

पण त्यांच्या सिद्धांताने प्रश्न सुटत नाही, तो एक पायरी मागे सरकतो. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच बनावटीचे दोन व्हॉल्व्ह आहेत असे धरू. दोन्हींच्या तपकिरी वायरमधली वीज गेली आहे. एका घरात बॉयलर विझतो, दुसऱ्यात विझत नाही. क्षणिकत्व दोन्हींकडे आहे, मागणीचा अभाव दोन्हींकडे आहे. मग फरक कशाने पडला? पहिल्या व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग ताठ आहे, दुसऱ्यात ती मेली आहे. स्प्रिंग असता थांबणे असते, स्प्रिंग नसता थांबणे नसते. स्प्रिंग हे थांबण्याचे कारण आहे हे नाकारायला मग जागा उरत नाही. बौद्ध म्हणतील की स्प्रिंगने ‘मिटलेला व्हॉल्व्ह’ ही भावरूप अवस्था निर्माण केली, ज्योतीचा अभाव नव्हे. मी ते आनंदाने मान्य करतो, कारण मला हवे होते ते त्यातच आले: चालवणारे कारण निघून जाणे पुरेसे नाही, दुसरे काहीतरी हजर असावे लागते. अभावाला कार्य म्हणायचे की नाही, हा वाद त्यानंतर केवळ परिभाषेचा राहतो. आणि काही व्हॉल्व्ह बिनस्प्रिंगचेही असतात हा आक्षेपही माझ्याच बाजूने जातो. उघडायला मोटर आणि मिटायलाही मोटर अशी त्यांची रचना असल्याने मिटण्यासाठी त्यांना उघडपणे वेगळी वीज द्यावी लागते.

यापेक्षा अवघड आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो. थांबणे हीसुद्धा एक क्रिया मानली, तर तिला तरी कोण थांबवणार? निवृत्तीसाठी प्रयत्न, मग त्या प्रयत्नाची निवृत्ती, मग तिचीही निवृत्ती, अशी अनवस्था होते. म्हणून अनेक थोर पुरुषांनी सांगितले की काही करू नका, फक्त सोडा. या आक्षेपाचे उत्तर त्या स्प्रिंगमध्येच आहे, असे मला वाटते. व्हॉल्व्ह मिटवण्यासाठी लागणारी शक्ती मिटण्याच्या वेळी कोणी बाहेरून आणून देत नाही. ती उघडतानाच साठवली जाते. सुरू करणाऱ्या मोटरनेच स्प्रिंग ताणलेली असते, म्हणजे आरंभानेच आपल्या शेवटाची तजवीज केलेली असते. मिटल्यावर स्प्रिंग सैलावते आणि तिला थांबवायला आणखी कोणाची गरज पडत नाही. थांबण्याला कारण लागते, पण ते थांबण्याच्या क्षणी नव्याने करायच्या कृतीच्या रूपातच हवे असे नाही. अनवस्था येते ती हे दोन एकच मानल्यामुळे.

आपल्या परंपरेने आचारात ही गोष्ट केव्हाच ओळखली होती. महाराष्ट्रात सोळा सोमवारांचे व्रत धरणारी बाई संकल्पातच संख्या ठरवते, आणि सोळा सोमवार झाल्यावर सतराव्या सोमवारी उद्यापन करते. उद्यापनाशिवाय व्रत नुसते बंद पडले, तर ते पुरे झाले असे कोणी मानत नाही. भाद्रपदात पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा तो दीड दिवसाचा, पाच, सात की दहा दिवसांचा हे त्या घरात ठरलेलेच असते. आणि विसर्जनाआधी उत्तरपूजा करावी लागते, मूर्ती तशीच उचलून नेत नाहीत. कर्मकांडावर टीका करणाऱ्यांना यात पुरोहितांची सोय दिसते. ती काही प्रमाणात असेलही. पण देवत्वाचे आवाहन करायला विधी लागतो तसा ते परत पाठवायलाही विधी लागतो, ही समज पुरोहिताच्या दक्षिणेपेक्षा फार मोठी आहे. ज्या संस्था, ज्या चळवळी आरंभी आपल्या समाप्तीचा विचारच करत नाहीत, त्या कार्य संपल्यावरही वर्षानुवर्षे वर्गण्या गोळा करत राहतात. त्यांच्या माणसांत वाईटपणा असतोच असे नाही, त्यांना थांबवणारे त्यांच्या रचनेतच काही नसते.

पतंजलींच्या योगसूत्रांत हाच विचार शास्त्र म्हणून मांडला आहे. चित्तवृत्तींचा निरोध अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी होतो, असे ते पहिल्याच पादात सांगतात. वैराग्य म्हणजे मागणी मागे घेणे, तपकिरी वायरमधली वीज तोडणे. ते एकटे पुरेसे असते, तर अभ्यासाचे नाव घ्यायचे कारण नव्हते. तिसऱ्या पादात ते आणखी पुढे जातात: निरोधाचाही संस्कार असतो, तो साठतो, आणि व्युत्थानाच्या, म्हणजे चित्त पुन्हा उसळण्याच्या, संस्कारांना दाबून वर येतो. म्हणजे निरोध हा पतंजलींच्या लेखी पोकळी नाही. तो चित्तात काही घडवून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याचे बळ कामी येते. ज्ञानाने काम होते, अभ्यास कशाला, असे म्हणणाऱ्या अद्वैत्यालाही हे नाकारता येत नाही. दोरी कळली की साप नाहीसा होतो हे खरे, पण चौदाव्या शतकातले विद्यारण्य, जे स्वतः अद्वैताचे आचार्य, ‘पंचदशी’त सांगतात की दोरी कळल्यावरही अंगाची थरथर हळूहळूच शमते. ‘जीवन्मुक्तिविवेका’त तर ते तत्त्वज्ञानाच्या जोडीला वासनाक्षय आणि मनोनाश यांचा अभ्यास आवश्यक ठरवतात. थर्मोस्टॅटला खोली तापल्याचे कळले आहे, पण व्हॉल्व्ह अजून उघडाच आहे, ही अवस्था त्यांना पुरती ठाऊक होती.

कोणी म्हणेल, माणसाचे चित्त म्हणजे बॉयलर नव्हे. मान्य आहे, आणि तसे मी म्हणतही नाही. चित्ताला स्प्रिंग असते असा माझा दावा नाही. दावा इतकाच की ‘चालवणारे काढले म्हणजे थांबते’ हा नियम सार्वत्रिक नाही, आणि तो सार्वत्रिक नाही हे दाखवायला एक निःसंशय उदाहरण पुरते. बॉयलरचे उदाहरण घ्यावेसे वाटते ते यासाठी की तिथे प्रत्येक घटक वेगळा काढून तपासता येतो, तसा चित्तात येत नाही. चित्तात नियम वेगळा आहे असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने तो का वेगळा आहे ते सांगावे. आणि सांगताना, दारू सोडण्याचा मनापासून निश्चय केलेली असंख्य माणसे ती सुटण्यासाठी झगडत का राहतात, याचाही उलगडा करावा. त्यांचा निश्चय खोटा होता असे म्हणणे सोपे आहे, आणि बहुतेक वेळा ते अन्यायाचे असते.

शेवटी प्रारब्धाबद्दल, कारण इथे माझ्या मताचा गैरवापर होण्याचा धोका आहे. सांख्यकारिकेत आणि शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत येतो: हात काढल्यावरही चाक आधीच्या वेगाने काही वेळ फिरत राहते, तसा ज्ञान झाल्यावरही देह राहतो. बॉयलरमध्येही अशी एक रीतसर सोय असते. अनेक बॉयलरमध्ये बर्नर विझल्यावरही पंप काही मिनिटे चालू ठेवला जातो, म्हणजे आत साठलेली उष्णता वाहून जाते आणि आतल्या पाण्याला उकळी फुटत नाही. हा बिघाड नव्हे. बॉयलर भर जोरात असताना एकदम मुख्य स्विच बंद केला तर ही सोयच हिरावली जाते, म्हणून प्रसंग धोक्याचा नसेल तर आधी थर्मोस्टॅट खाली करून पंपाला त्याची मिनिटे द्यावीत. पण या सवलतीला मर्यादा आहे, आणि ती शंकराचार्यांनीही घातली आहे. फळ द्यायला सुरुवात झालेले कर्म तेवढे भोगून संपायचे राहते. संचित ज्ञानाने नष्ट होते आणि पुढचे कर्म चिकटत नाही. आपल्याकडे मात्र ज्ञानी म्हणवणाऱ्याचा क्रोध, लोभ, मानाची हाव दिसली की भक्त ‘प्रारब्ध’ म्हणून त्यावर पांघरूण घालतात. इथे कसोटी अगदी साधी आहे. आधीची उष्णता वाहून जाते आहे, की नवी ज्योत पेटते आहे? नुसता पंप फिरत असेल तर थोडे थांबावे. मागणी काहीच नसताना बर्नर पुन्हा पेटत असेल, तर त्याला प्रारब्ध म्हणू नये. तो दोष आहे, मग तो घरातल्या व्हॉल्व्हचा असो की मठातल्या गादीवर बसलेल्याचा, आणि तो दुरुस्त करायला हवा.